उलटे आटे

हेल्वी तिसऱ्यांदा आली तेव्हा बाहेर उणे एकोणीस होतं.
करवत तिनं काउंटरवर ठेवली नाही, आदळली.
"तुझ्या साखळ्या भिकार आहेत, टाउनो.
ताण देते, दोन बर्च पाडते,
की परत लोंबते, म्हाताऱ्या घोड्याच्या ओठासारखी."

मी साखळीकडे पाहिलंच नाही.
कव्हर काढलं. आत भुसा आणि तेलाचा काळा लगदा,
शरदात कापलेल्या स्प्रूसचा वास अजून धरून बसलेला.
प्लग काढून सिलिंडरमध्ये सुती दोरी सरकवली,
पिस्टन अडवायला. तिथे लोखंड घालू नये.
विशीत मी स्क्रूड्रायव्हर घातला होता,
त्या पिस्टनचे पैसे वर्षभर फेडले.

क्लचचे आटे उलटे असतात.
सैल करायचं तर घट्ट करायच्या दिशेनं फिरवायचं.
सांगितलं की माणसं मान डोलावतात
आणि हात सवयीनं जुन्याच दिशेला जातो.

ड्रम निघाला. वाटीएवढा,
पाठीवर सात दात्यांचं चाक जडवलेलं.
"नखानं बघ."
तिनं हातमोजा दातांनी ओढला,
नख दात्यावरून फिरवलं. अडकलं.
पुढच्यावरही अडकलं.
अर्धा मिलिमीटर झिजलं की टाकायचं असतं हे;
इथे तर नखाला बसायला जागा होती.

"किती साखळ्या झाल्या यावर?"
बोटं अंगठ्याशी संपली, करंगळीपासून पुन्हा सुरू झाली.
"आह्तीच्या सात. माझ्या तीन."
दोन साखळ्यांमागे एक चाक, हा माझा हिशेब.
नवी साखळी जुन्या चाकावर चढवली
की ती चाकाचं वळण घेते,
आठवड्यात त्याच्याच वयाची होते.
शिव्या मात्र साखळीला बसतात. आणि मला.

मग कॅलिपर.
पहिल्या रिवेटच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंत,
भागिले दोन. सव्वाआठ मिलिमीटर.
बारच्या शेपटीवर तेच कोरलेलं, टोकाच्या चकलीचंही तेच.
तिघांचं पाऊल एका मापाचं हवं,
कंपनी कुठलीही असो.
तिला आठ दात्यांचं हवं होतं. "वेग वाढेल ना?"
"वाढेल. जोर जाईल. गोठलेल्या बर्चला वेग कळत नाही.
सातच ठेव. आणि या वेळी सुटी कडी घे,
झिजली तर कडीच बदल, ड्रम राहू दे."
सुयांच्या बेअरिंगला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस.
"साखळ्या तीन घे. आलटून पालटून लाव.
सगळे एकदमच म्हातारे होऊ देत."

पैसे मोजताना विचारलं, आह्ती कसा आहे?
"कायानीला आहे, वृद्धाश्रमात.
मला आई समजतो. कधी पोस्टवाली."
जुना ड्रम भंगाराच्या डब्यात टाकणार, तर तिनं हात पुढे केला.
मी पुसून दिला.

मार्चमध्ये आली, बारचं तेल न्यायला.
तक्रार नव्हती, म्हणून जरा उभी राहिली.
म्हणाली, ठेवला त्याच्या तळहातावर.
बराच वेळ काही नाही. खिडकीबाहेर कुणी बर्फ लोटत होतं.
मग अंगठा हलला. एक दाता. दुसरा.
खाचेत नख गेलं, तिथेच राहिलं.
"कुणा गाढवानं इतकं वापरलं हे?"
एवढा ओरडला की नर्स धावत आली.

"तू काय म्हणालीस?"
"म्हटलं, होता एक. पैसे वाचवायचा."

तेल पाच लिटर. बरणीचं झाकण तिनं दोनदा तपासलं.
दारापर्यंत गेली, बूट आपटले,
आणि माझ्याकडे न वळता म्हणाली,
"निघताना मला हाक मारली त्यानं. अहो बाई, म्हणाला,
तुम्ही त्या बाजूला जाता ना?
माझ्या बहिणीला सांगाल का,
साखळी बदलायच्या आधी हे बदल म्हणावं.
हेल्वी नाव तिचं."

"मग?"

"सांगते, म्हटलं."